पवनचक्की उतरवायची आणि जमीन परत करायची: साक्रीच्या पठारावरचा अनुभव, पायरीपायरीने

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या अंगाला गेलात की पठाराच्या कडेने पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. साक्री-नंदुरबारच्या या पट्ट्यात त्यांतल्या बऱ्याच जुन्या यंत्रांना आता वीस वर्षं होत आली. पवनचक्कीचं आयुष्य आराखड्यात साधारण वीस वर्षंच धरलेलं असतं. म्हणजे उभारणीची गर्दी इथे जशी झाली, तशीच उतरवणीची होणार आहे.

मी उभारणीच्या वेळी पायाच्या कामावर सुपरवायझर होतो आणि पुढे उतरवण्याच्या कामांवरही गेलो. असंच एक काम संपल्यावर सहा महिन्यांनी तिथे परत जाणं झालं. ठेकेदाराने टॉवर नेला होता, गिअरबॉक्स नेला होता, तांब्याची तर तारसुद्धा ठेवली नव्हती. पात्यांचे तुकडे मात्र नाल्यात पडलेले आणि पायाचा चौथरा जिथल्या तिथे. शेजारच्या शेतातले आप्पा मला म्हणाले, ‘भाऊ, लोखंड तं ली गयात, आते हाऊ दगड कोन लई जाई?’

मला उत्तर देता आलं नाही, कारण ते करारातच नव्हतं. पुढे जे लिहितो आहे ते त्या एका प्रश्नाभोवती आहे. लोखंडाला गिऱ्हाईक असतं, काँक्रीटला नसतं. तेव्हा कामाचा क्रम आणि पैशाचा क्रम, दोन्ही काँक्रीटकडून मागे मोजत यायचं, लोखंडाकडून पुढे नाही.

आधी हे ठरवा: काढायचीच आहे का?

वीस वर्षं झाली म्हणून यंत्र लगेच भंगार होत नाही. तीन वाटा असतात. तपासणी करून आणखी काही वर्षं चालवणं, जुनी काढून त्याच वाऱ्यावर मोठी नवी बसवणं, किंवा कायमची काढून जागा मोकळी करणं. केंद्राचं नव्या-जुन्या बदलाचं २०१६ चं धोरण १ मेगावॉट आणि त्याखालच्या यंत्रांपुरतं होतं, त्यामुळे आपल्याकडची सव्वा मेगावॉटची यंत्रं त्यात बसत नव्हती. डिसेंबर २०२३ च्या सुधारित धोरणात २ मेगावॉटपेक्षा लहान यंत्रं आली, आयुष्य संपलेली यंत्रं आली आणि आयुष्य वाढवण्याचाही विचार आला.

वीज विक्रीचा करार तपासा. राज्य वीज नियामक आयोगाच्या २००३ च्या आदेशाखाली झालेले करार १३ वर्षांचे होते: पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे आणि पुढे दर वर्षी १५ पैसे वाढ. ते दिवस गेले. आता मिळणाऱ्या दरात देखभालीचा खर्च निघतो का, हे मालकाने कागदावर मांडून बघावं.

नवी बसवायची असली तरी हा लेख बाजूला ठेवू नका. जुना पाया नव्या यंत्राला चालत नाही, कारण वजन आणि भार दोन्ही बदलतात. नवी यंत्रं मोठी, म्हणून संख्येने कमी. जुन्या दहा जागांपैकी सहा-सात मोकळ्या होणारच, आणि ‘नवा प्रकल्प येतोय ना, मग बघू’ या एका वाक्यावर त्या वर्षानुवर्षं पडून राहतात.

मालक किती आणि जमीन कोणाची

इथली गुंतागुंत बाहेरच्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. एका टेकडीवर दहा पवनचक्क्या दिसतात, त्यांचे मालक दहा असू शकतात. पूर्वी या यंत्रांवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळायचा, म्हणून कर वाचवायला कारखानदारांनी आणि व्यापाऱ्यांनी एकेक, दोन-दोन विकत घेतल्या. ही सवलत २०१२ मध्ये थांबली, २०१४ मध्ये परत आली आणि २०१७ पासून घसारा ४० टक्क्यांवर आला. यंत्राचा मालक एक, देखभाल करणारी कंपनी दुसरी, रस्ता आणि ३३ केव्हीची लाइन सगळ्यांची सामाईक. एकाने पंखा काढायचा ठरवला तरी रस्ता उखडायचा अधिकार त्याला एकट्याला नाही. म्हणून पहिलं काम यादीचं: प्रत्येक टॉवर, चौथरा, ट्रान्सफॉर्मर, खांब, रस्त्याचा तुकडा आणि त्यापुढे मालकाचं नाव. ज्या वस्तूपुढे नाव लिहिता येत नाही, ती वस्तू शेवटी तिथेच राहणार हे पक्कं समजा.

जमीन तीन तऱ्हेची असते. विकत घेतलेली असेल तर सातबारावर नाव कंपनीचं किंवा गुंतवणूकदाराचं. भाडेपट्ट्याची असेल तर नोंदणी झालेला पट्टा काढून ‘जमीन पूर्ववत करून देणे’ या अर्थाचं कलम शोधा. बहुतेक जुन्या पट्ट्यांत ते एका ओळीचं असतं आणि पूर्ववत म्हणजे नेमकं काय याचा पत्ता नसतो. ती ओळ आता, काम सुरू व्हायच्या आधी, दोघांच्या सह्यांनी उलगडून घ्यावी: पाया किती खोल काढायचा, वर माती किती, रस्ता ठेवायचा की काढायचा.

तिसरी वनजमीन. ती विकलेली नसते, साधारण तीस वर्षांच्या पट्ट्याने वापरायला दिलेली असते. परत करताना वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यासमोर पंचनामा होतो, आणि मंजुरीच्या पत्रातल्या अटी त्याच वेळी काढून दाखवल्या जातात. त्या आपण आधी वाचलेल्या बऱ्या. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे ग्रामसभेपुढे आराखडा ठेवणं टाळू नका. वनहक्काचे दावे असलेल्या जमिनीवर तर परत करायची कोणाला हाच पहिला प्रश्न असतो. तो ग्रामसभेत सुटतो, तुमच्या साइट ऑफिसात नाही.

वर्षाचं गणित

तारखा चुकल्या की सगळं चुकतं. जून ते ऑगस्ट पठारावर वारा जोरात असतो, त्यात क्रेन उभीच करायची नाही. शिवाय शेतं उभ्या पिकाने भरलेली आणि रस्ते चिखलाचे. मी धरतो तो क्रम असा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात आजूबाजूच्या डोंगरावरून गवताचं बी गोळा करून ठेवायचं. हो, पंखा अजून फिरत असतानाच. कारण पुढच्या जूनमध्ये लागणारं बी तेव्हाच पिकतं आणि बाजारात इथलं बी मिळत नाही. दिवाळी झाली, बाजरी-मका निघाला की वीज तोडणं, तेल काढणं, क्रेन. डिसेंबर-जानेवारीत टॉवर खाली. जानेवारी-फेब्रुवारीत पाया फोडणं. मार्च-एप्रिलमध्ये रस्ते, चर, माती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत यंत्रसामग्री पठारावरून खाली उतरली पाहिजे. आखाजीला पोरी माहेरी येतात, मजूर चार दिवस मिळत नाही आणि मिळावा अशी अपेक्षाही करू नये. पहिल्या पावसाच्या तोंडावर पेरणी.

मजुरांची आणखी एक अडचण. इथली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात. चर खोदायला, दगडी बांध घालायला गावचीच माणसं हवी असतील तर दिवाळीच्या आधी बोलणी करून ठेवा. नाहीतर मार्चमध्ये तुमच्याकडे फक्त जेसीबी असेल, आणि जेसीबीला समपातळी कळत नाही.

वीज तोडणं

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं, आणि विद्युत निरीक्षक, महावितरण किंवा महापारेषण आणि मेडा (राज्याची अपारंपरिक ऊर्जेची संस्था) यांना लेखी कळवूनच. यंत्रातली वीज ६९० व्होल्टची, बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरवर ती ३३ हजार व्होल्टची होते. स्विच बंद केला म्हणजे लाइन मेली असं नाही. शेजारची नऊ यंत्रं त्याच लाइनवर चालू असतात, वीज मागून येते. दोन्ही बाजूंनी तोड, कुलूप, तपासणी, अर्थिंग, मग हात. कपॅसिटर बंद झाल्यावरही भरलेले राहतात, ते रिकामे करायचे. उपकेंद्रात एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) वायूचे ब्रेकर असतील तर तो वायू हवेत सोडू नका. कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे साडेतेवीस हजार पट तो तापवतो. वायू परत भरून घेणारं यंत्र असलेल्याच माणसाला बोलवा.

एक गोष्ट कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. जोवर लाइन जिवंत आहे तोवर केबलला कोणी हात लावत नाही. लाइन मेल्याची बातमी मात्र दोन रात्रींत पसरते. ज्या आठवड्यात वीज तोडाल त्याच आठवड्यात तांबं उतरवून मोजून ठेवा. चोरी झाली तर नुकसान तांब्याचं तर होतंच, पण चोर घाईत ट्रान्सफॉर्मर उलटवतो आणि सगळं तेल मातीत जातं. ते निस्तरायला तांब्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे लागतात.

अर्थिंगचे खड्डे विसरू नका. त्यात मीठ आणि कोळसा भरलेला असतो, वर वीस वर्षं पाणी टाकलेलं. पट्टी ओढून काढली आणि खड्डा तसाच बुजवला तर तिथे गवत धरत नाही. ती माती खणून काढा.

तेल, बॅटऱ्या आणि खालची काळी माती

गिअरबॉक्समध्ये काही शे लिटर तेल, ट्रान्सफॉर्मरमध्ये त्याहून जास्त. शिवाय हायड्रॉलिकचं, पंखा वाऱ्याकडे वळवणाऱ्या यॉ-ड्राइव्हचं, आणि बेअरिंगचं ग्रीस. हे सगळं टॉवर उभा असतानाच पंपाने खाली घ्यायचं. नॅसेल, म्हणजे टॉवरच्या डोक्यावरची यंत्रपेटी, तेलासकट उतरवलं आणि ते कललं, तर तेलाचा ओघळ थेट शेतात. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचं आणि गाडीसोबत फॉर्म १० चा कागद असला पाहिजे. पंपवाला, वीटभट्टीवाला, ‘शटरिंगला लागतं’ म्हणणारा, तिघेही चांगला भाव देतात. तिघांनाही नाही म्हणा. हबमध्ये, म्हणजे पाती जोडलेल्या मधल्या गाभ्यात, पाती वळवणाऱ्या यंत्रणेच्या बॅटऱ्या असतात, त्यांना २०२२ चे बॅटरी कचरा नियम लागू आहेत. कंट्रोल पॅनेल ई-कचऱ्यात जातं.

ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्याभोवती माती काळी पडलेली दिसली की वरवर खरवडून थांबू नका. वास येईल तिथवर खणा, खालची माती प्रयोगशाळेत पाठवा. दूषित माती ताडपत्रीवर, ताडपत्रीखाली ठेवा. आपल्या राज्यात असा माल घेणारी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशी लांब आहेत, म्हणून खेप भरेल तेवढा माल एकदम न्यावा.

क्रेन आणि उतरवणी

सव्वा ते दीड मेगावॉटच्या यंत्राचं नॅसेल जमिनीपासून ७०-८० मीटर उंचीवर बसलेलं असतं आणि वजन पन्नास टनांच्या आगेमागे. नेमकं वजन उत्पादकाच्या कागदावरून घ्या, ‘मागच्या साइटला एवढंच होतं’ यावर जाऊ नका. क्रेन उभी करायचा जुना ओटा वीस पावसाळे खाऊन बसलेला असतो. त्याच्या कडेचा मुरूम धुपलेला असला तर वरून कळत नाही. भारचाचणी करून घ्या, लागेल तिथे मुरूम-खडी घालून रोलर फिरवा. हा घातलेला माल पुढे काढायचा आहे, तेव्हा किती टिपर घातला त्याचा हिशेब ठेवा.

उतरवण्याचा क्रम उभारणीच्या उलटा: रोटर (हब आणि पाती), नॅसेल, मग टॉवरचे भाग वरून खाली. पूर्ण रोटर उतरवायला वाऱ्याची मर्यादा बहुतेक तक्त्यांत सेकंदाला ८ मीटरच्या आसपास असते, म्हणजे ताशी २९ किलोमीटर. हे मोजायचं बूमच्या, म्हणजे क्रेनच्या लांब हाताच्या टोकाला, जमिनीवर नाही. पठाराच्या कडेला खाली झुळूक आणि वर चांगला वारा, हे रोजचं आहे. आमच्याकडे पहाटे पाच ते नऊ हीच खरी वेळ. ठेकेदार दुपारी ‘आता पडलाय वारा’ म्हणाला तरी थांबायचं. जाळीचा टॉवर असेल तर नट-बोल्ट वर्षानुवर्षांच्या गंजाने धरलेले असतात आणि काम दुपटीने लांबतं.

चढण्याआधी दुर्बिणीने आग्या मोहोळ बघा. टॉवरच्या वरच्या अंगाला किंवा नॅसेलखाली असलं तर आधी मधपाळ बोलवा. साठ मीटरवर माश्या उठल्या तर माणूस पळणार कुठे?

आणि आग. टॉवरचे पत्रे जागेवरच गॅस कटरने कापतात. डिसेंबर-जानेवारीत पठारभर गवत वाळून उभं असतं. एक ठिणगी आणि वणवा, मग गावाचा वर्षाचा चारा गेला. कापायची जागा एकच ठरवा, तिच्याभोवती वनखातं काढतं तशी रुंद जाळरेषा काढा, पाण्याचा टँकर तिथेच उभा ठेवा, आणि काम थांबल्यावर दोन तास माणूस राखण ठेवा. टॉवर मुळातून कापून आडवा पाडायची पद्धतही आहे, स्वस्त पडते. पण उतारावर आडवा पडलेला टॉवर कुठवर घरंगळेल हे कोणी सांगत नाही, आणि पाती फुटून त्यांचे काचेचे तंतू बांधापलीकडे जातात. मी ती मान्य करत नाही.

पाती: कोणालाच नको असलेला माल

यंत्राच्या वजनातला मोठा वाटा लोखंड-तांब्याचा, तो विकला जातो. पाती काचतंतू आणि रेझिनची, आत फोम किंवा बाल्सा लाकूड. वितळवता येत नाहीत, कुजत नाहीत, जाळली तर धूर विषारी आणि राख तरीही उरतेच. म्हणूनच ती नाल्यात सापडतात.

सगळ्यात बरी वाट सिमेंटच्या भट्टीची. तुकडे करून भट्टीत घातले की रेझिन इंधनाचं काम करतं आणि काचेतली वाळू सिमेंटमध्ये मिसळते. जर्मनीत हे बरीच वर्षं चालू आहे. आपल्या राज्यातले मोठे सिमेंट कारखाने चंद्रपूरकडे, म्हणजे साक्रीहून राज्याचं दुसरं टोक. भाडं अंगावर येतं. ते कमी करायचं तर एकट्याने नेऊ नका. टेकडीवरच्या मालकांनी मिळून, कारखान्याची आणि प्रदूषण मंडळाची मान्यता आधी घेऊन, एकदम माल पाठवावा. मान्यतेचं पत्र हातात येईपर्यंत पात्याला करवत लावू नका, कारण अख्खं पातं राखता येतं, चुरा राखता येत नाही.

कापताना पाण्याचा फवारा, डायमंड वायर किंवा करवत, खाली ताडपत्री, माणसांना चांगला मास्क, गॉगल, पूर्ण बाह्या. काचेची धूळ अंगाला खाजते हे मजूर सांगतात. फुप्फुसात जाते ते ते सांगत नाहीत. त्या पाण्यातला गाळसुद्धा गोळा करायचा.

गोठ्यावर टाकायला, खळ्याला आडोसा म्हणून लोक तुकडा मागतात. आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यात जुन्या पात्यांचा पादचारी पूल झाला आहे, तेव्हा कल्पना वेडी नाही. पण कापलेली कड रेझिनने किंवा रंगाने बंद केल्याशिवाय देऊ नका, आणि दिलेल्या तुकड्याची नोंद ठेवा. गुरं त्या कडेला अंग घासतात.

पाया: किती खोल?

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, म्हणून सावकाश सांगतो. वर दिसतो तो गोल चौथरा, चार-पाच मीटर व्यासाचा. खाली मातीत लपलेली तबकडी १५-१६ मीटर पसरलेली असते. सगळा पाया मिळून २५०-३०० घनमीटर काँक्रीट धरा. ३०० घनमीटरचं वजन ७०० टनांच्या वर जातं, म्हणजे हायवाच्या चाळीस-पंचेचाळीस खेपा. अख्खा पाया काढायचा हट्ट धरला तर भोवतालची अस्सल जमीनही पोकलेनखाली जाते आणि तो खड्डा भरायला माती आणायची कुठून हा नवा प्रश्न उभा राहतो.

उलट फक्त चौथरा जमिनीबरोबर छाटला आणि वर टोपलीभर मुरूम टाकला, तर पहिल्या नांगरटीत फाळ अडतो. पाच मीटर व्यासाचा चौथरा १.२ मीटर खोलीपर्यंत काढला तर साधारण २४ घनमीटर, म्हणजे ५५-६० टन माल निघतो. चार खेपा. चार खेपांचं काम चाळीस खेपांचं म्हणून सांगून ठेकेदार टाळाटाळ करत असेल तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

माझं मत असं. शेतजमिनीत वरून किमान १.२ मीटर पूर्ण मोकळं पाहिजे, आणि त्यात तबकडीचा काही भाग येत असेल तर तोही फोडायचा. जिथे विहीर, शेततळं किंवा फळबाग करायचा शेतकऱ्याचा विचार आहे तिथे सगळा पाया काढा, खर्च होऊ द्या. माळरानावर, गवताच्या जमिनीत एक मीटर पुरतो. उतारावर मोजताना खालच्या कडेपासून मोजा, नाहीतर वरच्या बाजूला मीटरभर आणि खालच्या बाजूला तबकडी उघडी.

मागे राहणाऱ्या तबकडीचं पाण्याशी काय होईल ते बघायचं. काळ्या जमिनीत ती परातीसारखं पाणी धरते आणि वरचं पीक पिवळं पडतं. मुरमाड माळावर उलटं: वरची मीटरभर माती ऑक्टोबरातच कोरडी होते, मुळांना खाली जायला वाट नाही, आणि हिवाळ्यात गवतात एक गोल पिवळा डाग दिसतो. दोन्हीवर उपाय एकच, कोअर ड्रिलने तबकडीला जागोजागी आरपार भोकं पाडून त्यांत खडी भरणं. हे काम बुजवण्याआधीच होतं, नंतर नाही. म्हणून खड्डा बुजवण्याआधी जमीनमालकाने स्वतः आत उतरून टेप लावून फोटो काढावा. सरपंचाच्या नव्हे, मालकाच्या हातात टेप.

चालू टॉवरजवळ सुरुंग लावायचा नाही, ब्रेकरच. सळ्या वेगळ्या करून भंगारात. उरलेलं काँक्रीट फोडून गावरस्त्याच्या खालच्या थराला चालतं, ग्रामपंचायतीला लेखी विचारा.

रस्ते आणि पाणी

पवनचक्कीने जमिनीचं खरं नुकसान पायाने होत नाही, रस्त्याने होतं. पाया शंभर-दोनशे चौरस मीटर, रस्ता किलोमीटरच्या किलोमीटर. पाच मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्ता म्हणजे ५,००० चौरस मीटर दाबून घट्ट केलेली जमीन. एका सरीत २० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे दहा टँकर, जिरायला जागा नसल्याने एका मोरीतून खाली धावतं. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो त्याच्याच डोंगरावरून. मोरीच्या तोंडाशी वीस वर्षांत पडलेल्या घळी जाऊन बघा.

रस्ता ठेवायचा की काढायचा हे गावाला विचारा. पुष्कळदा गावाला तो हवा असतो, शेतावर ट्रॅक्टर जातो म्हणून. हवा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, रुंदी तीन मीटरवर आणा आणि पाणी बाजूला काढणाऱ्या आडव्या पाणमोड्या काढून द्या. वाटतं त्याहून हे महत्त्वाचं आहे: देखभालीचं नाव कागदावर नसलेला रस्ता दोन पावसाळ्यांत ओढा होतो.

काढायचा रस्ता आणि क्रेनचा ओटा असा मोकळा करावा. आधी वर घातलेला मुरूम-खडी उचलून मूळ कटिंगच्या जागी भरा, म्हणजे डोंगराचा उतार पुन्हा सलग होईल. मग डोझरच्या रिपरने (मागच्या लांब दात्याने) ५०-६० सेंटिमीटर खोल उकरा, समपातळीत, उताराच्या दिशेने कधीच नाही. जमीन कोरडी असतानाच, ओलीत रिपर फक्त रेघा ओढतो. उकरल्यावर त्यावर गाडी फिरवायची नाही. मी पाहिलेल्या चुकांत ही सगळ्यात जास्त वेळा झाली आहे: सकाळी उकरलं आणि दुपारी मातीचा टिपर त्याच्यावरूनच नेला.

पाण्याचं काम माथ्याकडून पायथ्याकडे. वर सलग समपातळी चर, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० खोल, आखणी समपातळी दाखवणाऱ्या ए-फ्रेमने किंवा हायड्रोमार्करने. घळींत अनगड दगडी बांध, मधोमध सांडवा खोलगट ठेवून. दगड पठारावर पडलेले भरपूर आहेत. धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या ज्या लांबच लांब नैसर्गिक भिंती दिसतात, त्या खडकाच्या भेगांत लाव्हा भरून थिजल्याने झालेल्या डाइक आहेत. भूजल कुठे अडतं आणि कुठे वळतं हे त्या ठरवतात. जवळ पडते म्हणून भिंत फोडू नका.

माती, गवत, चराई

उभारणीच्या वेळी वरची माती वेगळी काढून ठेवली असेल तर नशीब. आम्ही ठेवली नव्हती, तेव्हा कोणी विचारलंही नव्हतं. आता शेजारच्या शेतातून माती उचलून आणणं म्हणजे एका जखमेवर दुसऱ्याची कातडी. जवळच्या पाझर तलावातला गाळ मिळतो का बघा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेमुळे तहसीलला ही पद्धत माहीत आहे. माळावर पाच ते दहा सेंटिमीटर गाळ, शेणखत मिसळून, उकरलेल्या मुरमात कालवून. जाड थर दिला तर तो वाळून तडकतो आणि पहिल्या जोरदार पावसात वाहून जातो. शेतजमिनीत मात्र वरचा किमान ३० सेंटिमीटर थर मातीचाच हवा.

पेरायचं ते इथलंच: पवन्या, मारवेल, डोंगरी, शेडा. मारवेलची ठोंबं लावली तर लवकर धरतात. जोडीला थोडं स्टायलो, ते इथलं नसलं तरी चाऱ्याचं शेंगवर्गी आहे. बी शेण-मातीत कालवून गोळ्या करून टाकलं तर वाऱ्याने उडत नाही आणि मुंग्या नेत नाहीत. झाडांची घाई नको. ‘एका टॉवरमागे शंभर झाडं’ असा फलक लावून गुलमोहर-सुबाभूळ लावलेल्या जागा मी बघितल्या, दुसऱ्या उन्हाळ्यात फलक तेवढा उभा होता. माळ हा मुळात गवताचा. झाडं लावायचीच तर चराच्या भरावावर अंजन, खैर, बोर, धावडा. अंजन हळू वाढतो, पण या दगडात तोच टिकतो. उकरलेल्या जमिनीवर घाणेरी आणि गाजरगवत आधी येतं, ते फुलायच्या आत उपटायला पहिली दोन वर्षं माणूस ठेवा.

पहिली दोन-तीन वर्षं चराई बंद ठेवली नाही तर वरचं सगळं वाया. पण बंदीचा फलक लावून चराई थांबत नाही. ठेलारी मेंढपाळांचे वाडे कोणत्या महिन्यात कुठून जातात हे त्यांना विचारा, त्यांना वाट मोकळी ठेवा, आणि गवत कापून न्यायला गावाला मोकळीक द्या. धुळे तालुक्यात लामकानीने चराईबंदी-कुऱ्हाडबंदीवर उघडा डोंगर गवताने भरून दाखवला. साक्रीतल्या बारीपाड्याने चारशेहून जास्त हेक्टर जंगल राखलं आणि त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्ही ठिकाणी नियम गावाने केला होता. कंपनीच्या राखणदाराला रात्री कोणी जुमानत नाही.

पैसे आणि शेवटचे कागद

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. भंगाराची विक्री आणि जागा पूर्ववत करणं यांचे करार वेगळे केलेत तर पहिला ठेकेदार नफा घेऊन जातो आणि दुसरा कधीच नेमला जात नाही. एकच करार करा. भंगाराची किंमत ठेकेदाराने यंत्रमालकाला आधी भरायची, आणि जागेच्या कामाचे पैसे यंत्रमालकाने टप्प्याटप्प्याने सोडायचे. माझा हिशेब असा असतो: पाती अधिकृत जागी पोचल्याची पावती आल्यावर एक हिस्सा, पायाच्या खड्ड्याचे फोटो आणि जमीनमालकाची सही झाल्यावर दुसरा, चर आणि पेरणी झाल्यावर तिसरा, आणि एकूण रकमेचा निदान एक चतुर्थांश भाग दुसऱ्या पावसाळ्यानंतरच. पहिल्या पावसात भराव बसतो, दुसऱ्यात कळतं की चर टिकले की फुटले. यंत्रमालक परगावचा असेल तर ही रक्कम जमीनमालक आणि यंत्रमालक या दोघांच्या सहीशिवाय निघणार नाही अशा खात्यात ठेवावी.

कागद संपवायला वेळ लागतो, म्हणून ते कामाबरोबरच सुरू करा. नोंदणी केलेला पट्टा नोंदणी करूनच सोडावा लागतो, साध्या पावतीवर नाही. सातबाराच्या इतर हक्कांतली नोंद फेरफाराने कमी करून घ्या, नाहीतर दहा वर्षांनी पीककर्जाला गेल्यावर बँक अडवते. बिगरशेती झालेला तुकडा पुन्हा शेतीकडे आणायचा अर्ज महसूल कार्यालयात. भूमी अभिलेखकडून मोजणी करून बांधाचे दगड रोवून घ्या, कारण जुने दगड रस्त्याखाली गेलेले असतात आणि शेजारी-शेजारी भांडणं तिथूनच लागतात.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, यंत्रमालक, जमीनमालक, ग्रामपंचायत आणि वनजमीन असेल तर वनखातं, असे सगळे मिळून जागेवर फिरावं. सोबत टेप आणि पहार घ्या. चौथरा होता तिथे पहार मारून बघा, मीटरभर आत गेली पाहिजे. मोरीखालची घळ मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून बघा. गवतात गोल पिवळा डाग दिसतो का ते बघा. असेल तर उरलेला हिस्सा अडवा. नसेल तर तिथेच पंचनामा लिहा, सह्या करा आणि पैसे सोडा.